उचलीचे दास्य

भाताची आवणी आटोपलेली असते आणि कापणीला अद्याप अवकाश असतो, त्या भाद्रपद-आश्विनाच्या दिवसांत रायगड, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील कातकरी वाड्यांवर वीटभट्टीमालकांची आणि त्यांच्या मुकादमांची ये-जा सुरू होते. घरातले धान्य सरलेले असते, गावात मजुरी नसते, एखादे आजारपण उपटलेले असते. अशा वेळी मुकादम काही हजार रुपये हातावर ठेवतो आणि त्यांच्या मोबदल्यात दिवाळीनंतरचा अख्खा हंगाम नवरा, बायको आणि बहुधा मुलेही भट्टीवर राबतील असे ठरते. या आगाऊ रकमेस कोणी बयाणा म्हणतात, कोणी उचल. तिची नोंद असलीच तर मालकाच्या वहीत असते, आणि ती वही वाचता येईल एवढे अक्षरज्ञान ऋणकोच्या वाट्यास क्वचितच आलेले असते.

वरकरणी पाहता या व्यवहारात जबरदस्ती कोठेच दिसत नाही. मजूर आपल्या पायांनी ट्रकमध्ये चढतो, पैसेही त्याने आपखुशीने घेतलेले असतात. परंतु भट्टीवर झोपडे उभे राहिले की अनेक ठिकाणी त्या व्यवहाराचे खरे स्वरूप उघड होऊ लागते. मजुरी हजार विटांमागे ठरलेली असली तरी ती हंगाम संपेपर्यंत हाती पडत नाही; बाजारच्या दिवशी तेल-मीठ-तांदळापुरती खर्ची मिळते आणि तीही मजुराच्या नावे लिहिली जाते. अवकाळी पावसाने विरघळलेल्या विटा, तापाने पडलेले खाडे, औषधपाणी, सारे त्याच्याच नावे पडते. आणि वैशाखअखेर हिशेब होतो तेव्हा सहा महिने चिखल तुडवलेल्या कुटुंबाकडेच उलट बाकी निघते. ती फेडण्यासाठी पुढल्या हंगामात त्याच मालकाकडे जाणे प्राप्त होते, आणि मध्येच कोणी निघून गेला तर त्याला धुंडाळून, प्रसंगी मारझोड करून, परत आणले जाते. ज्याला काम सोडण्याची मोकळीक नाही आणि जेथे अधिक दाम मिळेल तेथे जाण्याचीही नाही, त्याला स्वतंत्र मजूर म्हणणे ही शुद्ध आत्मवंचना होय.

हे दास्य या भूमीला नवे नाही. स्वातंत्र्यापूर्वी डहाणू-उंबरगावच्या पट्ट्यात लग्नगडी नावाची पद्धत रूढ होती. वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढी, आणि ते फिटेपर्यंत तो व त्याची नवपरिणीत पत्नी दोघेही त्या जमीनदाराच्या घरी गडी म्हणून राबत. कर्ज फिटण्याचा दिवस मात्र अनेकांच्या आयुष्यात उगवतच नसे. १९४५ साली किसान सभेच्या वतीने शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी तेथे संघटनेचे कार्य हाती घेतले. त्या वर्षीच्या मे महिन्यात झरी येथे जमलेल्या हजारो वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला, आणि ऑक्टोबरात तलवाड्याच्या जमावावर झालेल्या पोलीस गोळीबारात त्या निर्धाराची किंमत त्यांनी रक्ताने मोजली.

कायद्याचा इतिहासही लहान नाही. हिंदुस्थानात गुलामीच्या नात्याला न्यायालयांचा आधार देणे १८४३ च्या पाचव्या अधिनियमाने बंद झाले. १८६० च्या दंडसंहितेतील ३७० व्या कलमाने मनुष्याची गुलाम म्हणून खरेदी-विक्री करणे गुन्हा ठरवले. आणि संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा व्यापार, बिगार आणि तत्सम वेठीस मनाई केली. ही मनाई केवळ सरकारला नव्हे, तर खाजगी मालकालाही लागू आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्याने बंधपत्रे रद्द झाली, त्यांखालचे कर्ज नष्ट झाले, आणि ‘हे वेठबिगारीचे कर्ज नव्हे’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर टाकण्यात आली. पुढे १९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणी, न्यायमूर्ती भगवती यांनी असा निर्वाळा दिला की किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले काम हीही सक्तीची मजुरीच होय. कारण भुकेची सक्ती ही चाबकाच्या सक्तीहून कमी नसते, हे त्या निकालाचे मर्म होते.

माणसांचा व्यापार म्हटला म्हणजे बाजारात विकल्या गेलेल्या मुलींची किंवा परदेशी नोकरीच्या आमिषाने फसवल्या गेलेल्या तरुणांची आठवण आपणांस होते, आणि ती यथार्थच आहे. परंतु कायद्याची व्याख्या याहून व्यापक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो करारनाम्याने, शोषणाच्या हेतूने कोणाच्या असहायतेचा गैरफायदा घेऊन त्याला कामास नेणे, हाही व्यापारच मानला. न्यायमूर्ती वर्मा समितीनंतर, २०१३ साली, आपल्या दंडसंहितेचे तेच ३७० वे कलम नव्याने लिहिले गेले, आणि त्यात पीडिताची संमती गैरलागू ठरवण्यात आली. आज भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात तीच तरतूद आहे. ‘त्याने स्वतःच उचल घेतली’ हा मालकाचा बचाव कायद्याने अशा रीतीने केव्हाच निकालात काढला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे पाच कोटी माणसे आधुनिक गुलामगिरीत होती, आणि त्यांपैकी पावणेतीन कोटींहून अधिक सक्तीच्या श्रमात.

या आकड्यांचा अर्थ आपल्या दारात येऊन उभा राहिला तो २०२२ साली, इगतपुरी तालुक्यातील एका कातकरी मुलीच्या मृत्यूने. तिच्यासारख्या अनेक मुलांना काही हजार रुपयांच्या किंवा एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबण्यास ठेवले गेल्याचे त्या मृत्यूनंतर उघड झाले. आईबापांना दोष देणे सोपे आहे. परंतु ज्या जमातीचे खैराचे रान आणि काताचा पिढीजात धंदा गेला, आणि नावावर जमीनही आली नाही, तिच्या चुलीत पावसाळ्यात काय शिजते हे आधी पाहावे, मग दोष द्यावा.

उपाय नाहीत असे नाही. वसईच्या परिसरात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी श्रमजीवी संघटनेच्या द्वारे अनेक वेठबिगारांना मालकांच्या वहीतून सोडवले. अशा मुक्तीचा कणा म्हणजे मुक्ततेचा दाखला. तो हाती आला की कर्ज कायद्याने संपते आणि पुनर्वसनाच्या मदतीवर हक्क निर्माण होतो. २०१६ च्या केंद्रीय योजनेत ही मदत प्रौढ पुरुषास एक लाख, स्त्रिया व मुलांस दोन लाख आणि अतिगंभीर प्रकरणी तीन लाख रुपये ठरली, पण तिचा मोठा भाग खटल्यातील शिक्षेशी जोडला गेला. दाखला न देता मजुराला नुसते गावी पोचवले, तर पुढल्या भाद्रपदात तो पुन्हा त्याच मुकादमापुढे उभा असतो.

म्हणूनच खरी लढाई त्या रिकाम्या महिन्यांत लढावयास हवी. हे महाराष्ट्र शासनास ठाऊक नव्हते असेही नाही. १९७८ पासून आदिवासींना पावसाळ्यात खावटी कर्ज देण्याची योजना याच जाणिवेतून निघाली, मधल्या काळात ती बंद पडली, आणि करोनाच्या वर्षी चार हजार रुपयांच्या अनुदानाच्या रूपाने एकवार परतली. खावटी दरसाल आणि मुकादमाच्या आधी वाडीवर पोचली पाहिजे. तेथे रोजगार हमीचे काम पावसाळ्यातही निघाले पाहिजे आणि त्याची मजुरी आठवड्याच्या आत मिळाली पाहिजे. आणि जिल्ह्याच्या दक्षता समितीने हंगाम सुरू होताच भट्ट्यांवर जाऊन वह्या तपासल्या पाहिजेत.

नगरांत आणि गावांत आपली घरे ज्या विटांनी उभी राहतात, त्या पाडणाऱ्यांशी आपला संबंध नाही असे कोणास म्हणता येणार नाही. भट्टीवर, उसाच्या फडात किंवा मेंढरांमागे राबणारे मूल दिसले तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. उचलीपायी अडकलेले कुटुंब आढळले तर तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि मुक्ततेचा दाखला मिळेपर्यंत तिचा पाठपुरावा करावा. कायदा करून अर्धे शतक लोटले. आता त्याची अंमलबजावणी करून घेणे हे सरकारइतकेच आपलेही कर्तव्य आहे.