परंगीमलै आणि स्पेनचा राजा

तांबरमहून लोकलने चेन्नईकडे निघाले की वाटेत परंगीमलै लागते. परंगी म्हणजे आपल्या मराठीतला फिरंगी; मलै म्हणजे डोंगर. या डोंगरावर पोर्तुगिजांनी १५२३ मध्ये चर्च बांधले. पुढे १५८० मध्ये पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेले आणि मैलापूरजवळची सांतोमे वसाहत, गोवा, वसई, चौल या साऱ्यांचा धनी स्पेनचा राजा झाला. कारभार मात्र पोर्तुगीज अधिकाऱ्यांकडेच राहिला. वसईच्या रयतेला हा बदल फारसा जाणवलाही नसेल. पण स्पेनचे शत्रू या वसाहतींच्या वाट्याला आले. स्पेनविरुद्ध बंड पुकारलेल्या डचांनी सांतोमेच्या उत्तरेस पुलिकतला ठाणे उभारले, गोव्याच्या बंदराची नाकेबंदी केली. डिसेंबर १६४० मध्ये पोर्तुगाल स्वतंत्र झाला. ती बातमी गोव्यास पोहोचण्यापूर्वीच मलाक्का डचांच्या हाती गेले होते.