अभ्यासगट

अभ्यासगट : एखाद्या निश्चित प्रश्नाचा उलगडा करण्यासाठी अनुभवी मार्गदर्शकाच्या साहाय्याने नियमितपणे एकत्र काम करणाऱ्या मोजक्या व्यक्तींचा समूह. वर्ग, सभा व संप्रदाय ह्यांहून तो भिन्न असतो. वर्गात ज्ञान मुख्यतः शिक्षकाकडून विद्यार्थ्यांकडे जाते. सभेत श्रोत्यांवर कामाची जबाबदारी नसते. संप्रदायात गुरुवचन प्रमाण मानले जाते. अभ्यासगटात मात्र प्रत्येक सदस्य कामाचा वाटेकरी असतो आणि मार्गदर्शकाचे मतही चिकित्सेस पात्र ठरते. मार्गदर्शक नसताना काम कितपत चालू राहते, ही अशा गटाची खरी कसोटी होय.

आकार व रचना : फ्रेंच कृषि-अभियंता माक्स रँगेलमान ह्याने दोर ओढण्याच्या प्रयोगांवरून असे दाखविले (१९१३), की माणसांची संख्या वाढत जाते तसतसा दरडोई जोर कमी होतो. बौद्धिक कामातही मोठ्या समूहात काही जण केवळ श्रोते बनतात. म्हणून पाच ते आठ सदस्यांचा गट सोयीचा मानला जातो. सदस्यांची तयारी व दृष्टी भिन्न असावी. प्रश्न मात्र समान असावा. प्रत्येकाकडे कामाचा स्वतंत्र भाग सोपविणे, बैठकीपूर्वी लेखी टिपण फिरविणे, झालेल्या चर्चेचे इतिवृत्त ठेवणे आणि ठराविक मुदतीत काहीतरी प्रसिद्ध करणे ह्या प्रथांमुळे गट विस्कळीत होत नाही.

मार्गदर्शकाचे कार्य : कुर्ट लेव्हिन, रॉनल्ड लिपिट व राल्फ व्हाइट ह्यांनी अमेरिकेतील आयोवा येथे मुलांच्या छोट्या गटांवर केलेले प्रयोग (१९३९) ह्या संदर्भात उद्‌बोधक आहेत. हुकमी नेतृत्वाखालील मुले नेता समोर असेपर्यंत भरपूर काम करीत. तो खोलीबाहेर जाताच काम मंदावे. निर्णयात मुलांना सहभागी करून घेणाऱ्या नेत्याच्या गटात मात्र त्याच्या गैरहजेरीतही काम चालू राही. यावरून मार्गदर्शकाचे कार्य उत्तरे देण्यापेक्षा प्रश्न नेमका करणे, साधने दाखविणे, पुराव्याची पारख शिकविणे आणि मतभेदास मर्यादशीर वाट करून देणे हे आहे, असे म्हणता येईल. चर्चेत आपले मत शेवटी मांडण्याचा संयमही त्याच्या ठिकाणी हवा. अन्यथा सदस्य त्याच्या मताचाच अनुवाद करू लागतात.

खानदेशातील उदाहरणे : जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे श्रीमंत प्रतापशेठ ह्यांच्या औदार्यातून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. मोठ्या विद्यापीठांपासून दूर असलेल्या ह्या गावी निवडक अधिछात्रांची राहण्याची व अध्ययनाची सोय करण्यात आली. उमेदीच्या काळात साने गुरुजींनीही तेथे काही काळ अध्ययन केले. घ. र. मलकानी हे ह्या संस्थेचा दीर्घकाळ आधार होते. कृष्णचंद्र भट्टाचार्य (१८७५–१९४९) ह्यांचा द सब्जेक्ट ॲज फ्रीडम हा ग्रंथ संस्थेने १९३० मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९३३ ते १९३५ ह्या काळात ते तेथे संचालक होते. मलकानी, रासविहारी दास व टी. आर. व्ही. मूर्ती ह्या तिघांचा अज्ञान हा इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये निघाला. अद्वैत वेदान्तातील एका मूलभूत संकल्पनेवर तिघांनी स्वतंत्रपणे लिहिले. एकाच संस्थेत राहूनही त्यांची मते एकरूप झाली नाहीत आणि हे मतांतर न लपविता ग्रंथरूपाने वाचकांपुढे ठेवण्यात आले. १९२५ पासून निघणाऱ्या फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली ह्या त्रैमासिकामुळे गटातील विचार बाहेरच्या विद्वानांच्या परीक्षणासही खुला राहिला. हे त्रैमासिक बंद पडल्यावर १९७३ पासून पुणे विद्यापीठाने अमळनेरच्या सहकार्याने इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली ह्या नावाने त्याची नवी मालिका सुरू केली.

धुळे येथील उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. वि. का. राजवाडे हे प्रखर बुद्धीचे, पण एकाकी वृत्तीचे संशोधक होते. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. तथापि पुढे मतभेदांमुळे ते त्यापासून दूर झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ऐतिहासिक कागदपत्रांची दप्तरे व व्युत्पत्तिविषयक टिपणे असा मोठा संग्रह मागे उरला होता. तो विखुरला असता, तर अनेक वर्षांचे श्रम वाया गेले असते. भास्कर वामन भट व इतर अभ्यासकांनी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ स्थापून तो सांभाळला. राजवाडे धातुकोश (१९३७) व नामादिशब्दव्युत्पत्तिकोश (१९४२) हे ग्रंथ राजवाड्यांच्या मृत्यूनंतर ह्या मंडळातर्फे निघाले आणि त्यांचे समग्र साहित्यही विसाव्या शतकाच्या अखेरीस खंडशः प्रसिद्ध झाले. येथे गट मार्गदर्शकाने बांधला नाही. त्याच्या पश्चात अनुयायांनी तो बांधला. ह्या कामी त्यांना राजवाड्यांची लेखी टिपणे उपयोगी पडली, हे लक्षणीय आहे.

मर्यादा : मार्गदर्शकावर अतिरिक्त भिस्त, एकाच आश्रयदात्यावर आर्थिक अवलंबन, मतभेदाचे वैरात रूपांतर आणि नव्या सदस्यांचा अभाव ही अभ्यासगटांच्या ऱ्हासाची नेहमीची कारणे होत. मोरित्स श्लिक ह्यांच्याभोवती १९२४ पासून जमलेले प्रसिद्ध व्हिएन्ना मंडळ त्यांच्या हत्येनंतर (१९३६) आणि ऑस्ट्रियातील राजकीय दडपणामुळे विखुरले. तथापि सदस्यांच्या प्रकाशित लेखनामुळे त्याचा विचार इंग्लंड-अमेरिकेत रुजला. गट अल्पायुषी ठरला, तरी त्याने केलेली नोंद दीर्घायुषी होऊ शकते. म्हणून गट सुरू करतानाच इतिवृत्ते, टिपणे व साधने कोणाकडे व कशी राहतील हे ठरविणे, तसेच मार्गदर्शकाची जबाबदारी क्रमाने इतरांकडे सोपविणे आवश्यक असते. ज्या गटातून पुढील गटाचे मार्गदर्शक तयार होतात, तो सर्वाधिक परिणामकारक गट समजावा.