मुखपृष्ठासकट अंक

‘सत्यकथा’ मासिकाचे बांधीव खंड शोधले तर मिळतात. मिळत नाही तो मुखपृष्ठ, जाहिराती आणि पिना शाबूत असलेला सुटा अंक. ग्रंथालयांतून वर्षभराचे अंक बाइंडरकडे जायचे, तेव्हा पुष्कळदा मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकली जायची. कडा सारख्या करताना समासही जायचा. कथा-कविता तेवढ्या उरल्या. म्हणून अंकांच्या मागे लागलेला माणूस अजूनही रद्दीच्या दुकानात गठ्ठे सोडवत बसतो, आणि एखादं जुनं घर रिकामं होतंय असं कळलं की तिकडे धावतो.

मराठीत या छंदाला खाणही मोठी आहे. ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक १८६७चं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १८९५मध्ये ‘मनोरंजन’ सुरू केलं. दिवाळी अंकांची परंपरा धरतात ती त्यांच्या १९०९च्या अंकापासून. हे मित्र मूळचे आजगावकर, बंगालीच्या ओढीने आडनाव बदललेले.

माझं मन मात्र पुढच्या काळात रमतं. दीनानाथ दलालांची ‘दीपावली’ १९४५ची. मडगावात जन्मलेल्या या चित्रकाराच्या मुखपृष्ठासाठी लोक अंक जपून ठेवत. मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ या दिवाळी अंकाची गंमत आणखी वेगळी. पानात कापलेल्या खिडकीतून काहीतरी चावट दिसायचं, आणि पान उलटलं की अगदी साधं, भलतंच चित्र निघायचं. जुना ‘आवाज’ हातात आला की मी आधी खिडक्या तपासतो: कड फाटलीय का, मागचं पान जागेवर आहे का. एक पान गळालं की विनोदच गेला. ही चित्रं पुस्तकात सपाट छापून काही उपयोग नाही, ती बोटांनीच वाचायची.

कथांचंही तसंच. गंगाधर गाडगीळ, जी. ए. कुलकर्णी संग्रहांत भेटतात. पण कथा छापली गेली त्या महिन्यात त्यांच्या शेजारी कोण होतं, आधी कोण आणि मागे कोण, हे अंकच सांगतो. ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची नजर मला तरी अनुक्रमणिकेतच सगळ्यांत स्पष्ट दिसते.

‘सत्यकथा’ १९८२मध्ये बंद झाली. त्याआधीच, १९६९मध्ये, बंडखोर लेखक राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी तिचा अंक जाळून निषेध केला होता. प्रस्थापित मासिकांना नाकारत निघालेली ‘शब्द’, ‘असो’, ‘येरू’ यांसारखी लघुअनियतकालिकं आज ‘सत्यकथे’हूनही दुर्मीळ आहेत. प्रती थोड्या, कागद हलका आणि काहींची छपाई सायक्लोस्टाइलवर. ज्यांच्याकडे ती आहेत त्यांनी गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढून सुती दोरा ओवावा, उन्हापासून दूर ठेवावं, आणि स्कॅन करताना मागच्या पानावरची जाहिरात वगळू नये.