ओट्यासमोरची सतरंजी

घरातला सर्वात महागडा गालिचा दिवाणखान्यात असतो आणि तिथे त्याला फारसं काही सोसावं लागत नाही. खरा छळ होतो तो स्वयंपाकघरातल्या ओट्यासमोरच्या पाच-सहा फूट लांब पट्टीत. सिंकमधलं पाणी, फोडणीचं तेल, हळद, कणीक, निसटलेली गरम सांडशी आणि त्यातच रोज काही तास उभे असलेले पाय. इथे काय अंथरावं याचं उत्तर डोळ्यांपेक्षा तंतूंच्या गुणधर्मांतून मिळतं, आणि ते गुणधर्म खरोखर थक्क करणारे आहेत.

मुळात ही पट्टी आपल्याकडे तशी नवीच. चूल जमिनीवर आणि रांधणारी पाटावर, अशी मांडणी होती तोवर स्वयंपाकघरात अंथरण्याचा प्रश्नच नव्हता. जमीन शेणाने सारवायची, सांडलेलं तिथेच जिरायचं किंवा पुन्हा सारवताना नाहीसं व्हायचं. शिवाय सोवळ्याओवळ्याच्या हिशेबात सुती कापड शिवलं की ओवळं होई, लोकर मात्र होत नसे. म्हणून सोवळ्यात नेसायला धाबळी चाले, पण सुती सतरंजी चुलीपाशी कोण येऊ देणार? पुढे ओटा आला, गॅसची शेगडी आली आणि स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. पायांखाली आधी शहाबादी फरशी होती, ती थोडंफार पाणी पिऊन घ्यायची. आताच्या व्हिट्रिफाइड टाइल्स मात्र स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी शोषत नाहीत. पाणी वरच राहतं, त्यात तेलाचा थेंब मिसळला की घसरगुंडी तयार. वयस्क माणूस असलेल्या घरात ओट्यासमोरचं अंथरूण हा हौसेचा विषय राहत नाही.

बाजारात गेलात तर पहिल्यांदा समोर येतात पॉलिप्रॉपिलीनच्या मॅट. स्फटिकी रचनेचं हे प्लॅस्टिक १९५४ मध्ये इटलीत जुलिओ नत्ता यांनी तयार केलं आणि १९६३ मध्ये कार्ल झीग्लर यांच्यासोबत त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हा तंतू पाण्यापेक्षा हलका, टाकला तर तरंगणारा, आणि पाणी जवळजवळ अजिबात न पिणारा. त्यामुळे मॅट चटकन वाळते. पण जो पाण्याशी फटकून वागतो तो तेलाशी सलगी करतो. तेलकट मळ या तंतूला घट्ट धरून बसतो. दुसरी अडचण अधिक गंभीर. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि पुऱ्या तळायचं तेल १८० अंशांच्या आसपास असतं. उडालेला थेंब खाली पडेपर्यंत थोडा निवतो हे खरं, तापलेला झारा मात्र निवत नाही. अशा मॅटवर जागोजागी दिसणारे कडक, चकचकीत ठिपके म्हणजे वितळून पुन्हा गोठलेला तंतू.

लोकर आगीच्या बाबतीत याच्या अगदी उलट. ती सहजी पेटत नाही, पेटली तरी ज्योत दूर केल्यावर बहुधा आपोआप विझते. पण ओली लोकर जड होते, लवकर वाळत नाही, आणि कसर लागते ती निराळीच. ताग दिसायला देखणा, कोरड्या हवेत छान. ओला झाला की तपकिरी डाग सोडतो. काथ्याची बात तर और आहे. केरळात नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कित्येक महिने कुजत ठेवतात, तेव्हा कुठे तंतू सुटा होतो. जो एवढं सोसून टिकला त्याला पावसाची काय भीती? १८५९ मध्ये जेम्स डारा यांनी आलप्पुळ्यात काथ्याचा कारखाना काढला आणि तिथली पायपुसणी जगभर गेली. तरीही काथ्या दाराबाहेरच शोभतो. ओट्यासमोर टाकला तर मोहरीचे दाणे त्यात जातात ते कायमचे.

आणि एक सावधगिरीचा शब्द त्या रेशमी चकाकीच्या, स्वस्तातल्या रगबद्दल. तो बहुतेकदा व्हिस्कोजचा असतो. व्हिस्कोज ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. सिंकपुढे ते अंथरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, अक्षरशः.

कापूस मात्र ओला झाल्यावर अधिक मजबूत होतो. धोबीघाटावर पिढ्यान्‌पिढ्या आपटून धुतलेलं सुती कापड तगलं ते यामुळेच. कापसाची खोड एकच, हळद. हळदीतलं कर्क्युमिन कापसाला कोणत्याही मदतीशिवाय रंगवतं. डागाला साबण लावला की तो अचानक लाल होतो आणि घरात घबराट उडते. पण हा फक्त साबणातल्या अल्कलीचा परिणाम, पाण्याने खळबळलं की रंग परत पिवळा. यावर उपाय फुकट आहे. कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. धुतलेली सतरंजी डागाची बाजू वर करून कडक उन्हात टाकली की डाग फिकटत जातो.

आता विणकाम. सतरंजीत ताणा घट्ट ताणलेला असतो आणि बाणा धातूच्या पंजाने इतका ठोकून बसवतात की ताणा दिसेनासाच होतो. दिसतो तो सगळा रंग बाण्याचा. गालिच्यासारखे उभे केस नसल्याने पिठाला लपायला जागा उरत नाही, आणि दोन्ही बाजू सारख्या असल्याने एक मळली की दुसरी वर. साध्या आडव्या पट्ट्यांच्या सतरंजीला लोक कमी लेखतात. मला ती स्वयंपाकघरासाठी सर्वांत शहाणी वाटते. पट्टीत बाण्याचा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग जातो. मोर, फुलं किंवा चौकटी विणायच्या तर रंग मध्येच थांबवून वळवावा लागतो आणि दोन रंगांच्या उभ्या सीमेवर फट पडू शकते. ती टाळायला विणकराला धागे एकमेकांत अडकवत जावं लागतं. म्हणून नक्षीला वेळ आणि पैसा जास्त लागतो. धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या बायका ज्या सतरंज्या विणतात, मोर आणि सोंगट्यांच्या पटाच्या नक्षीच्या, त्या कृपा करून तेलाच्या कढईखाली अंथरू नका. त्यांना बैठकीचा मान द्या.

रोजच्या वापराचा माल बहुतांशी पानिपतहून येतो. मराठी कानाला हे नाव वेगळं ऐकू येतं, पण आजचं पानिपत हातमाग, यंत्रमाग आणि चिंध्यांचं शहर आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकरांनी तिथल्या धंद्याला मोठं बळ दिलं. जगभरचे टाकून दिलेले कपडे आणि कापडाची कातरण तिथे पिंजून पुन्हा सूत होते, आणि त्या सुताच्या स्वस्त सतरंज्या गल्लोगल्ली विकल्या जातात. घेताना ओला पांढरा रुमाल घासून पाहावा. रंग लागला तर सोडून द्यावी, पहिल्याच धुण्यात टाइल्सही रंगतील.

माप घेताना ओट्याच्या पूर्ण लांबीचा मोह नको. दोन फूट रुंद आणि पाच-सहा फूट लांब पट्टी पुरते. दोन्ही बाजूंना चार-सहा इंच फरशी दिसली की खोली ऐसपैस वाटते. अंथरण्याआधी ओट्याखालची कपाटं, ट्रॉल्या आणि फ्रिजचं दार उघडून पाहावं, दार अडलं तर सतरंजी जाड आहे. पट्ट्या रुंदीच्या दिशेने असतील तर अरुंद स्वयंपाकघर रुंद भासतं, लांबीच्या दिशेने असतील तर बोळ आणखी लांबतो. पांढरी दोन दिवसांत मळते, काळीवर पिठाचा कण न्‌ कण दिसतो. गेरू, मोहरी, गडद निळा यांसारखे मधले रंग आणि तेही दोन-तीन मिसळलेले बरे. कडप्पाच्या काळ्या ओट्यासमोर गेरूची पट्टी तर फारच खुलते. टोकाच्या दशा पायात अडकतात, त्या दुमडून शिवून टाकाव्यात आणि सतरंजी शेगडीपासून थोडी बाजूला, सिंककडे सरकवावी, कारण कापूस पेटतो.

खाली रबराची जाळी हवीच, नाहीतर टाइल्सवर सतरंजी स्वतःच घसरते. जमीन व्हिनाइलची असेल तर मात्र रबर टाळावं, त्याचे पिवळट डाग कायमचे राहतात. आणि घ्यायच्या तर दोन घ्याव्यात. आषाढात धुतलेली जाड सतरंजी पंख्याखाली वाळायला दोन-तीन दिवसही घेते.