खेळातली गाडी, खरी गाडी

रेसिंगच्या व्हिडिओ गेममध्ये शर्यती जिंकून पैसे मिळवायचे, त्यातून सुटे भाग घ्यायचे आणि गाडी सुधारायची, ही रचना 1997 साली प्लेस्टेशनवर आलेल्या ‘ग्रॅन तुरिस्मो’ने लोकप्रिय केली. नवखा खेळाडू बहुधा आधी इंजिनावर खर्च करतो. टायर मात्र जुनेच असतात, त्यामुळे वाढलेली ताकद जागच्या जागी चाके फिरवण्यात वाया जाते आणि वळणावर गाडी बाहेर फेकली जाते. आधी टायर, मग ब्रेक आणि वजनकपात हा क्रम अधिक शहाणपणाचा.

खरे कसब ट्यूनिंगमध्ये. गिअर ‘लांब’ ठेवले तर कमाल वेग वाढतो, पण उठाव मंदावतो. पुढचा अँटी-रोल बार कडक केला की गाडी वळायला कुरकुरते. मागचा कडक केला की शेपूट घसरते. मागच्या पंखाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून तो मंद वळणावर जवळजवळ निरुपयोगी असतो, सरळ रस्त्यावर मात्र वेग खातो.

हे गणित काल्पनिक नाही. अहिल्यानगरला डीआरडीओची वाहन संशोधन व विकास संस्था खऱ्या वाहनांच्या चाचण्या घेते. तिथेही पकड, वजन आणि ब्रेक यांचाच हिशेब असतो. फक्त ‘रीस्टार्ट’चे बटण नसते.