बागची अंडी आणि आकाराचं गणित

मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात बाग-कुक्षीच्या पट्ट्यात टायटनोसॉर या अजस्र डायनोसॉरची 92 घरटी आणि 256 अंडी सापडल्याचं संशोधकांनी 2023 साली जाहीर केलं. वर्षाअखेरीस पाडल्या गावची बातमी गाजली : ज्या गोल दगडांना लोक काकडभैरव म्हणून पूजत होते, ती अंडीच होती. मग गप्पांना ऊत आला.

गैरसमज : एवढ्या अजस्र जनावराचं अंडं रांजणाएवढं असणार.

ही अंडी 15 ते 17 सेंटिमीटर व्यासाची आहेत. आत जेमतेम दोन लिटर मावेल. शहामृगाचं अंडंही लांबीला जवळपास एवढंच भरतं, आणि शहामृग शंभर-सव्वाशे किलोचा! अंड्याचा व्यास दुप्पट केला, तर आतला ऐवज आठपट होतो, पण प्राणवायू ज्यातून आत शिरतो त्या कवचाचं क्षेत्रफळ चौपटच. शिवाय मोठं अंडं फुटू नये म्हणून कवच जाड हवं, आणि जाड कवचातून हवा कशीबशी जाते. म्हणून आई कितीही टनांची असो, अंडं एका मर्यादेतच राहतं.

गैरसमज : डायनोसॉरची वजनं अंदाजपंचे ठोकलेली असतात.

अंदाज खरेच, पण हिशेबाचे. आजच्या चौपायांच्या दंडाच्या आणि मांडीच्या हाडांचा घेर मोजला, तर घेर दुप्पट झाल्यावर वजन साधारण पावणेसातपट होतं. तेच सूत्र जीवाश्मांना लावतात. चूक सरासरी पाव हिश्शाची, म्हणजे 16 टन म्हटलं की 12 ते 20 समजावं. फक्त अंड्यांवरून मात्र आईचं वजन निघत नाही, कुणी छातीठोक सांगितलं तरी.

गैरसमज : उत्क्रांती म्हणजे आकाराची चढती कमान.

आरन क्लॉसेट आणि डग्लस अर्विन यांनी 2008 साली सस्तन प्राण्यांसाठी गणिती प्रारूप मांडलं. नवी जात पूर्वजापेक्षा लहान किंवा मोठी निघते, मोठेपणाकडे कल किंचितच. खाली सुमारे दोन ग्रॅमची भिंत आहे, कारण त्याहून लहान ऊबदार शरीर खाल्लेलं सगळं उष्णतेतच गमावतं. वर भिंत नाही, पण थोराड जाती लवकर नामशेष होतात. त्यामुळे कोणत्या वजनाच्या किती जाती याचा आलेख काढला, तर त्याचा उंचवटा उंदीर-घुशींच्या आसपास येतो आणि हत्ती दूर, लांबलेल्या शेपटीत.

डायनोसॉरच्या ज्ञात जातींचा आलेख उलट मोठ्यांकडे झुकतो. त्यात निसर्गाचा वाटा किती आणि छोटी, नाजूक हाडं खडकात टिकतच नाहीत याचा किती, हे आधी वेगळं करावं लागतं.