जुन्या कंट्रोलरची पंधरा वर्षं

नगरजवळच्या भिंगारमध्ये हळदी-वरातीत गाणी वाजवणाऱ्यांच्या हातात डीजे कंट्रोलर आला, त्याला आता पंधराएक वर्षं झाली. त्याआधी दोन सीडी प्लेअर आणि मधे छोटा मिक्सर, नाहीतर नुसता कॉम्प्युटर आणि त्यावर विनॲम्प या गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरच्या दोन खिडक्या, एवढ्यावर भागायचं. एक गाणं संपत आलं की दुसऱ्या खिडकीत प्ले दाबायचं आणि माउसने आवाज चढवायचा-उतरवायचा. मधे दोन सेकंदांची शांतता पडली तरी नाचणाऱ्यांचे पाय थांबायचे आणि सगळी वरात टेम्पोकडे बघायची.

मोठ्या शहरांतल्या क्लबांमध्ये 2001 पासून पायोनियरचा सीडीजे-1000 हा डीजेंसाठीचा सीडी प्लेअर होता, पण ती किंमत आमच्या सुपाऱ्यांतून निघणारी नव्हती. कॉम्प्युटरला जोडायचा कंट्रोलर ही तुलनेने स्वस्त वाट. हर्क्युलिसचा पहिला डीजे कन्सोल 2003 चा, व्हेस्टॅक्सचा व्हीसीआय-100 साधारण 2007 चा. 2010 च्या सुमारास न्यूमार्कच्या मिक्सट्रॅकसारखी खिशाला परवडणारी यंत्रं आली आणि हे काम जिल्ह्याजिल्ह्यांत पोचलं. माझा पहिला कंट्रोलर तेव्हाचाच, पुण्याच्या बुधवार पेठेतून आणलेला, वापरलेला. दोन जॉग म्हणजे हाताने फिरवायच्या चकत्या, मधे एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारा क्रॉसफेडर, दोन्ही बाजूंना गाण्याचा वेग बदलणारे पिचचे फेडर, वीज यूएसबीतूनच. आत साऊंड कार्ड मात्र नव्हतं. कोणत्या कंपनीचा, याने पुढच्या हकिगतीत फरक पडत नाही.

पहिली काही वर्षं सोपी गेली. लॅपटॉपवर विंडोज एक्सपी होतं, खोक्यात ड्रायव्हरची सीडी आणि एका सॉफ्टवेअरची छाटलेली आवृत्ती होती. सीडी घातली, ड्रायव्हर चढवला, झालं. पाथर्डी रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात संध्याकाळी टेस्टिंग करताना कानाला हेडफोन लावून पुढचं गाणं आधी ऐकता येणं, त्याचा ठेका चालू गाण्याला जुळवून मगच ते बाहेर सोडणं, यातला आनंद मी अजून विसरलेलो नाही. वरातीचा ठेका न तुटता एका गाण्यातून दुसऱ्यात नेणं हे कसब आहे, आणि ते बॉक्सच्या भिंतीच्या उंचीवर अवलंबून नाही, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या निकालानंतर रात्री दहाला आवाज बंद हे पक्कं झालं होतं. दहाच्या आत वरात रंगवून वेळेवर उतरवायची, तर हाताखालचं यंत्र भरवशाचं लागतं.

अडचण सुरू झाली ती 2014 पासून. त्या वर्षी 8 एप्रिलला एक्सपीचा आधार संपला. नवा लॅपटॉप घेतला तो 64 बिटच्या विंडोज 7 चा. 64 बिटच्या विंडोजला 32 बिटचा ड्रायव्हर चालत नाही, आणि कंपनीने जुन्या मॉडेलसाठी नवा काढला नव्हता. कंट्रोलरचे दिवे लागायचे, बटणं दाबली जायची, खोक्यातल्या सॉफ्टवेअरला मात्र ड्रायव्हरशिवाय पत्ता नसायचा. दुसऱ्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती घ्यावी, तर ती कंट्रोलर दहा मिनिटंच चालवू द्यायची. पुढे परवान्याचे पैसे. त्याच वर्षाच्या अखेरीस व्हेस्टॅक्स ही जपानी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि जगभरातल्या तिच्या ग्राहकांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. यंत्राला काही झालेलं नसताना ते बाद ठरतं, हे मला तेव्हाही पटलं नाही. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी नवे कंट्रोलर घेतले. बाकीच्यांचे माळ्यावर गेले.

ते खाली उतरले 2020 च्या टाळेबंदीत. लग्नं पन्नास माणसांत होऊ लागली, सुपाऱ्या थांबल्या, हातात वेळच वेळ. विंडोज 7 चा आधारही त्याच वर्षी 14 जानेवारीला संपला होता, म्हणून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चढवलं आणि मिक्स हे सॉफ्टवेअर घेतलं. डेन्मार्कमधल्या ट्यू हास्टे अँडरसन यांनी 2001 मध्ये संशोधनाचा भाग म्हणून ते सुरू केलं. ते फुकट आहे, त्याचा कोड खुला आहे आणि जगभरचे स्वयंसेवक ते सांभाळतात. कंट्रोलरच्या कोणत्या बटणाने काय व्हावं हे सांगणारी फाइल म्हणजे मॅपिंग. बुडालेल्या व्हेस्टॅक्सच्या व्हीसीआय-100 चं मॅपिंगसुद्धा त्यात तयार मिळतं.

कंट्रोलर जोडला आणि लिनक्सने तो ड्रायव्हर न मागता ओळखला. त्याचं कारण 1983 मधलं आहे. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या एका वाद्यमेळ्यात डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-600 आणि रोलंडचा ज्युपिटर-6 हे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले होते. त्यामागचा करार म्हणजे मिडी. स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांना त्यासाठी 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. कंट्रोलर साधी यूएसबी मिडी बोलत असेल, तर कंपनी असो वा नसो, त्याचं म्हणणं कोणत्याही कॉम्प्युटरला कळतं.

हे म्हणणं म्हणजे नुसते आकडे. प्ले दाबलं की पडद्यावर तीन आकडे येतात: संदेशाचा प्रकार, बटणाचा क्रमांक आणि 127. बोट उचललं की तेच, फक्त शेवटी 0. फेडर सरकवला की शेवटचा आकडा 0 पासून 127 पर्यंत चढत जातो. जॉगचं वेगळं. माझ्या कंट्रोलरचा जॉग उजवीकडे फिरवला की 1 येतो, डावीकडे फिरवला की 127. मिक्सला हे सांगावं लागतं की 64 च्या वरचा आकडा आला तर त्यातून 128 वजा कर. मग 127 चा उणे एक होतो आणि गाणं मागे सरकतं. जावास्क्रिप्टच्या दोन ओळी. त्या लिहिल्या आणि इतकी वर्षं निपचित पडलेला जॉग पहिल्यांदा दोन्ही बाजूंना फिरला, तेव्हा घरच्यांना हाक मारून दाखवला.

पिचच्या फेडरने जास्त दमवलं. आठ टक्के वर, आठ टक्के खाली ही सोळा टक्क्यांची धाव 128 पायऱ्यांत वाटली, तर एक पायरी सुमारे 0.125 टक्क्याची होते. म्हणजे नेमका जुळणारा वेग दोन पायऱ्यांच्या मधे अडकतो आणि दोन गाण्यांचे ठेके मिनिटाभरात एकमेकांपासून सुटायला लागतात. मिक्समध्ये धाव चार टक्के वर, चार टक्के खाली एवढीच ठेवली की पायरी निम्मी होते. आपल्या वरातीच्या गाण्यांना तेवढी धाव पुरते.

साऊंड कार्डाचा प्रश्न उरलाच होता. लॅपटॉपच्या भोकातून हेडफोन आणि स्वस्तातल्या यूएसबी कार्डातून बाहेरचा आवाज, ही जोडणी चालते. पण दोन कार्डांची घड्याळं वेगळी असल्याने आवाजात मधेच खरखर येऊ शकते. चार आउटपुट असलेलं एकच कार्ड बरं. सॉफ्टवेअरमधला आवाजाचा बफर 1024 नमुन्यांचा ठेवला तर 44100 हर्ट्झला सुमारे 23 मिलिसेकंदांचा उशीर होतो. बॉक्सपासून आठ मीटरवर उभ्या माणसाला आवाज पोचायला तेवढाच वेळ लागतो. वरातीला एवढा उशीर चालतो. जॉग हाताने घासून आवाज काढायचा असेल तर बफर 256 वर आणावा लागतो आणि मग जुन्या लॅपटॉपची परीक्षा असते.

यंत्राची डागडुजीही त्याच काळात शिकलो. वरातीच्या धुळीने फेडरखालची पट्टी खराब होते आणि आवाज खरखरतो. काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारून फेडर वर-खाली करत राहिलं की बहुतेक वेळा साफ होतो. जॉगवरचा रबरी मुलामा वर्षांनी चिकट होतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढायचा. यूएसबीचं भोक ढिलं झालं असेल तर नवं सोल्डर करून घ्यायचं, पण आधी केबल बदलून बघायची.

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि आता माझ्याकडे नगर, भिंगार, नागरदेवळ्याची पोरं लिनक्स चढवून घ्यायला लॅपटॉप घेऊन येतात. जुना कंट्रोलर घ्यायला निघालेल्यांना मी एवढंच सांगतो की दिवे लागतात म्हणून पैसे देऊ नका. लिनक्सचा पेनड्राइव्ह बरोबर न्या, लॅपटॉप त्यावर चालू करा, कंट्रोलर लावा आणि बटणागणिक आकडे येतात का बघा. आले तर बाकी सगळं करता येतं. स्वतःची वेगळी भाषा आणि कंपनीचाच ड्रायव्हर मागणारी यंत्रंही आहेत. ती कितीही चकचकीत असोत, घेऊ नका.

नागरदेवळ्याच्या एका मुलाला मी माझी मॅपिंगची फाइल दिली. लूपची बटणं तो कधी वापरत नाही, म्हणून त्याने ती सॅम्पलरला जोडून त्यांवर हलगीचे तुकडे बसवले, स्वतः गावच्या जत्रेत मोबाइलवर टिपलेले. आता त्याला दोन बटणांनी पिच 0.01 टक्क्याच्या पायरीने हलवायचा आहे. लग्नसराईच्या आत ते बसवायचं आमचं काम चालू आहे.